ओळीओळीनं बांधलेला पाला

आत्या,

तू गेल्यावर भेटायला आलेल्या माणसांपैकी निम्म्यांनी तरी तुला 'पिकलं पान' म्हटलं. ओसरीवर सतरंजी अंथरलेली, पुरुषमाणसं दत्तादादाच्या बाजूला, बायका माझ्या आणि सुमनवहिनीच्या भोवती. थोड्या थोड्या वेळानं कुणीतरी पदर सावरत म्हणायचं, पिकलं पान होतं बाई, किती दुःख करायचं. मी मान हलवायचे. आतून मात्र इतका संताप यायचा की वाटे उठून सांगावं, पान पिकतं म्हणजे काय होतं ते मला विचारा, आयुष्याची पाच वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. पान पिकतं ते आपोआप नाही. त्याच्यात असेल नसेल ते आधी वर कणसाला पाठवतं आणि मग गळतं. पण मी गप्प बसले. भेटायला आलेल्या माणसांवर राग काढायचा नसतो, एवढं आता कळतं. तुझ्यावर काढला तेव्हा कळत नव्हतं.

दादा म्हणाला, तू प्राध्यापक आहेस, आईवर चार ओळी लिही. मी त्याला म्हटलं, आत्या कधी जन्मली, कुणाला दिली, किती नातवंडं, हे सगळं तूच सांग लोकांना. मला आत्याशी बोलायचं आहे. सहा वर्षांपूर्वीचं एक बोलणं आमच्यात अर्धं राहिलं आहे.

तसं आपलं भांडण नेहमीचंच होतं. आठवीला मी ईटला, तुझ्या गावच्या शाळेत आले आणि तुझ्या घरी राहिले, तेव्हापासूनचं. आमच्या वाडीत सातवीच्या पुढं शाळा नव्हती आणि बाबा म्हणत होते, पोरीनं शिकून काय करायचं. तू भाऊबीजेला माहेरी आलीस, ओवाळणी घेतली नाहीस आणि म्हणालीस, 'ओवाळणीत पोरगी दे माझ्याकडं.' बाबा तुला कधी नाही म्हणू शकले नाहीत. मी तीन वर्षं तुझ्या घरची भाकरी खाल्ली आणि तीन वर्षं तुझ्याशी वाद घातला. तेल किती लावायचं, वेणी किती घट्ट घालायची, शाळेतून आल्यावर आधी अभ्यास की आधी म्हशीला पाणी. तू एकदाही जिंकल्याचं दाखवलं नाहीस, पण म्हशीला पाणी मीच पाजत होते.

मोठेपणी आपल्याला वादाला खरा विषय मिळाला तो ज्वारीच्या पानांचा. मी संशोधनाला लागले आणि माझ्या वाट्याला तोच विषय आला. तू विचारलंस, पानात काय एवढं बघायचं? मी तुला बांधावर बसवून सांगितलं होतं. पान उन्हात रोपासाठी अन्न तयार करतं. ज्वारी निसवली, कणीस बाहेर पडलं, की ते सगळं कणसाकडं जायला लागतं. खालची पानं सगळ्यांत जुनी, शिवाय वरच्यांची सावली त्यांच्यावर. त्यांच्यातलं हरितद्रव्य आधी मोडतं. आपल्या डोळ्यांना पान अजून हिरवं दिसतं, पण त्याचं काम तेव्हाच मंदावलेलं असतं. मग रोप त्या पानातलं नत्र काढून घेतं आणि वर दाण्याला देतं. पिवळेपणा दिसतो तो अगदी शेवटी. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस की हे तर तुला माहीत होतं, फक्त त्याला एवढी मोठी नावं आहेत हे माहीत नव्हतं.

आपल्याकडची रब्बी जमिनीतल्या ओलीवर येते. ओल लवकर सरली तर पानं घाईनं म्हातारी होतात, उन्हाचं रांधणं थांबतं आणि दाणा बारीक राहतो. 'उन्हाचं रांधणं' हे नाव तुझं. मी वर्गात मुलांना प्रकाशसंश्लेषण शिकवते तेव्हा अजून तेच वापरते. काही वाण मात्र कोरड्या रानातही पानं हिरवी धरून ठेवतात. माझं म्हणणं होतं की तेच आपल्या कामाचे. पान जितके दिवस हिरवं, तितके दिवस रांधणार. तुला ते पटायचं नाही.

'शेवटपतूर हिरवंच राह्यलं त कणसात उतरायचं काय?' तू म्हणायचीस. 'जे पान पिवळं पडंना, त्यानं काय तरी धरून ठिवलंय बघ.'

मला हसू यायचं. पुढं माझ्याच वाचनात आलं की हिरवेपणा दोन तऱ्हेचा असतो. काही पानं खरंच काम करत हिरवी राहतात आणि काही नुसतीच हिरवी दिसतात, आत कामही चालत नाही आणि नत्रही सोडत नाहीत. म्हणजे तू निम्मी बरोबर होतीस. हे तुला सांगायचं मी टाळलं. नंतर सांगू म्हणून टाळलं.

माझा मुख्य प्रयोग कॉलेजच्या शेतावर होता, पण माझे मार्गदर्शक सर म्हणाले, तिथं पाणी हाताशी असतं. खऱ्या कोरडवाहू रानात काय होतं ते बघायला एक तुकडा कुठंतरी शेतकऱ्याकडं लाव. मी तुझ्याकडं आले. दादाच्या जिवावर आलं होतं, विहिरीलगतचं चांगलं रान, आणि तिथं पाणी न देता पीक घ्यायचं म्हणजे काय. तू त्याला काय बोललीस ते मला कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी रान मिळालं. बारा ओळी, म्हणजे आपले बारा तास पेरले. सहा आपल्या नेहमीच्या मालदांडीचे, सहा त्या हिरवं धरून ठेवणाऱ्या वाणाचे. मी दर पंधरा दिवसांनी यायचे, पानाचा हिरवेपणा मोजायचं यंत्र प्रत्येक पानाला लावायचे आणि आकडे लिहायचे. त्या यंत्राला तू चिमटा म्हणायचीस. पान वरून मोजायचं की खालून, यावरही आपलं वाजलं. मी वरून मोजत होते, तू खालून. माझं पाचवं ते तुझं तिसरं, असं कायम चालायचं.

मधल्या दिवसांत राखण तुझी. जाताना मी तुला सूचना दिल्या होत्या. जनावर शिरू द्यायचं नाही, पाणी द्यायचं नाही, फवारायचं नाही, हुरड्याला कणीस मोडायचं नाही. काय करायचं नाही तेवढं सगळं सांगितलं. मला नेमकं काय हवंय ते सांगितलं नाही. कोणतं पान कधी पिवळं पडतं ते टिपायचं होतं, आणि पिवळं पडलेलं पान त्या त्या तासातून काढून, वाळवून, त्यात किती नत्र मागं राहिलं ते तपासायचं होतं. म्हणजे त्या बारा तासांतली सगळ्यांत मोलाची वस्तू होती ती खालची पिवळी पानं. पण हे आत्याला कशाला सांगायचं, तिला काय कळणार, असं माझ्या मनात होतं. आता लिहितानासुद्धा हात अडखळतो, पण तसंच होतं.

सर बघायला येणार ठरलं. मी तुला फोनवर सांगितलं, उद्या सकाळी मोठे साहेब येणार आहेत आत्या, चहा तेवढा ठेव. मी चहाचं म्हटलं होतं. तू पाहुणा येणार एवढं ऐकलंस.

आपल्याकडं पाहुणा येणार म्हटलं की काय होतं ते मला माहीत असायला हवं होतं. आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा अंगण सारवलेलं होतं, उंबऱ्याशी रांगोळी होती, म्हशी धुऊन तुकतुकीत केलेल्या होत्या आणि तू लग्नाला जायचं लुगडं नेसली होतीस. सर खूश झाले. आपण विहिरीकडं निघालो. बांधाच्या दगडांनाही तू चुना लावला होतास. आणि पुढं ते बारा तास उभे होते, एकही पिवळं पान नसलेले. गुडघ्यापर्यंत नुसती स्वच्छ धाटं. जे पिवळं ते तू काढलं होतंस, जे अर्धं पिवळं तेही काढलं होतंस. सगळं पीक असं दिसत होतं की कॅलेंडरवर छापावं.

सरांनी विचारलं, खालची पानं कुठं गेली? तू पुढं होऊन कौतुकानं सांगितलंस की कालचा सगळा दिवस बसून काढली, साहेब येणार तर रान असं गबाळं कसं दाखवायचं. सर विहिरीत वाकून पाणी बघायला लागले, माझी लाज झाकायला.

मी तुला गोठ्यामागं नेलं. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. तू माझ्या वर्षाचं वाटोळं केलंस, अडाण्याच्या हाती काम दिलं ही माझीच चूक, असंही बोलले. अडाणी हा शब्द मी तुला उद्देशून वापरला, ज्या तुझ्या घरात राहून मी शिकले. तुझा चेहरा आधी गोंधळला, मग उतरला. चुना लागलेले हात तू लुगड्याच्या मागं नेलेस. आणि घाईघाईनं म्हणालीस, 'टाकला न्हाय गं म्या. पाला समदा ठिवलाय बांधून, हितंच, माळ्यावर...'

मी तुला वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हटलं, 'घाल म्हशीला.'

परतीच्या वाटेत सर म्हणाले, पाला तासवार वेगळा ठेवला असता तर निदान नत्राचं काम निभावलं असतं. मी म्हटलं, सर, कोण ठेवणार, एका जागी ढीग केला असेल. इतक्या खात्रीनं म्हटलं की त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पुढच्या वर्षी तो तुकडा मी मुरुम गावाच्या बाजूला एका शेतकऱ्याकडं लावला. काम झालं, पदवी मिळाली, पेढे घेऊन तुझ्याकडं आले. मी पाया पडण्याआधीच तू मला जवळ घेतलंस. त्या दिवसाबद्दल तू बोलली नाहीस, मीही नाही. मला वाटलं, तू विसरलीस. मला तसं वाटणं सोयीचं होतं.

आणि तुझे फोन. दर हिवाळ्यात, ज्वारी निसवल्यापासून, दर रविवारी. जेवलीस का, सर्दी गेली का, जावईबापू कसे आहेत, आणि शेवटी ठेवता ठेवता, 'खालनं दुसरं उतरलं बघ.' मग पुढच्या रविवारी तिसरं. औंदा ओल कमी, लवकर उतरतंय. औंदा धुई पडली, जरा थांबलंय. सहा हिवाळे तू मला पानं सांगत होतीस आणि मी हं हं करत वह्या तपासत होते. मी त्यातलं एक अक्षर लिहून ठेवलं नाही, आत्या. मुरुमच्या शेतकऱ्याला मी पानं टिपायला छापील कागद दिला होता, तरी त्यानं इतकं नेमानं कधी कळवलं नव्हतं.

शेवटचा फोन तू गेलीस त्याच्या आदल्या रविवारचा. चौथं उतरलं, म्हणालीस. मग विचारलंस, 'तुझं ते हिरवं ऱ्हानारं, त्याचा दाना आपल्याहून बरा भरला का गं? तू सांगितलंच न्हाय.' मी म्हटलं, आत्या, ते मोठं प्रकरण आहे, संक्रांतीला येते तेव्हा निवांत सांगते. तू व्हय म्हणालीस. गुरुवारी दुपारी जेवून आडवी झालीस ती उठली नाहीस.

तर ऐक. मुरुमच्या रानात त्या वर्षी ओल लवकर संपली. हिरवं राहणाऱ्या वाणाचा दाणा मालदांडीहून बरा भरला, त्याची वरची पानं खरंच रांधत राहिली. यात मी बरोबर. पण त्याच्या खालच्या पानांत नत्र तसंच अडकून राहिलं होतं, मालदांडीची खालची पानं मात्र जवळजवळ रिकामी होऊन गळली होती. यात तू बरोबर. एवढंच होतं. दोन मिनिटांत फोनवर सांगता आलं असतं.

आठव्या दिवशी वहिनी पत्रावळ्यांचे गठ्ठे बांधायला सुतळी शोधत होत्या. गोठ्यातल्या खुंटीवरून त्यांनी सुतळ्यांचा एक झुबका काढला. तुझं ते नेहमीचंच, कुठलीही दोरी फेकायची नाही. एक सुतळी माझ्या हातात आली, तिला टोकाशी ओळीनं गाठी होत्या. मोजल्या तर सात. दुसरीला तीन. तिसरीला अकरा. मी वहिनींना विचारलं, या कसल्या गाठी? त्यांना वाटलं मला माहीत असेल.

'तुमचे साहेब आले व्हते तवाच्या हायेत,' वहिनी म्हणाल्या. त्या तुला मामी म्हणायच्या. 'मामींनी तासातासाचा पाला येगळा बांधला व्हता. पयल्या तासाला एक गाठ, दुसऱ्याला दोन, अशा बारा. मी म्हणलं, कशाला एवढा कुटाणा, म्हशीलाच घालायचाय. त म्हणल्या, पोरगी तासातासाचं लिव्हती, मंग पाल्याचीबी मिसळ करू न्हाय.'

मी गोठ्यातच खाली बसले. तुला आकडे लिहिता येत नव्हते, म्हणून गाठी. तुला मी काही सांगितलं नव्हतं. मी वाकून प्रत्येक तासापाशी वेगळं पान उघडून लिहिते, एवढं नुसतं बघून तू ओळखलं होतंस की या रानात मिसळ चालत नाही. जे मी कागदावर सूचना म्हणूनही दिलं नव्हतं ते तू आपल्या बुद्धीनं केलं होतंस, आणि मी तुला अडाणी म्हटलं. माझं ते वर्ष वाया गेलंच नव्हतं. ते माळ्यावर होतं, सुतळीनं बांधलेलं. मी मान वर करून बघायची होती फक्त.

मी वहिनींना विचारलं, लगेच घातला का म्हशीला?

'चार दिस ठिवला व्हता. म्हणल्या, राग उतरला की मागंल ती. मंग घातला.'

तू चार दिवस माझ्या फोनची वाट बघितलीस. मी पाचव्या दिवशीही केला नव्हता. मला वाटतं, पंधरा दिवस केला नव्हता.

मला तुझी माफी मागायची आहे हे मी सहा वर्षं जाणून होते. काय म्हणून मागायची ते मात्र मला आत्ता कळलं. मी समजत होते, माझा राग खरा होता आणि तोंड सुटलं ही चूक. आता दिसतं की रागही खोटा होता. चूक तू केलीस ती पाहुण्याच्या मानापोटी, आणि तिच्यातूनही माझं काम वाचेल अशी तजवीज करून ठेवलीस. मी मात्र तुझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, सोड की, लई दिस झाले. तुला सोडणं सोपं होतं. मला नाही.

बाराव्या दिवशी सकाळी दादा म्हणाला, उद्या तेराव्याला माणसं येतील, मांडव विहिरीपाशीच्या मोकळ्या जागेत घालू. त्याच वाटेवर तुझी ज्वारी उभी आहे, त्याच रानात, बारा तास. वहिनी म्हणाल्या, इतक्या वर्षांत त्या तुकड्यात तू दुसरं काही पेरू दिलं नाहीस आणि घरात त्याला अजून 'उज्जीचा तुकडा' म्हणतात. माझ्या नावाचं रान आहे आणि मला ठाऊक नाही.

मी ज्वारीत शिरले. कणसं भरली आहेत, दाणा टणक होत आलाय, नखानं दाबला तर अजून थोडा ओला लागतो. खालून मोजलं. हो, खालूनच. पाचवं पान उतरायला लागलं आहे. खालची चार वाळून धाटाला लोंबत होती, हात लावला की कागदासारखी वाजत होती. त्यांच्यात आता काही उरलेलं नव्हतं, जे द्यायचं ते देऊन झालं होतं.

वहिनींनी बांधावरून विचारलं, ताई, काय करताय? मी म्हटलं, उद्या पाहुणे येणार आहेत, रान असं कसं दाखवायचं. त्यांनी पदर खोचला आणि पलीकडून वाळली पानं काढायला सुरुवात केली. मी एवढंच सांगितलं, अर्धं पिवळं असेल ते राहू द्या, ते अजून कामावर आहे. आणि तासातासाचं वेगळं ठेवा.

उन्हं डोक्यावर येईपर्यंत झालं. सुतळ्या मी खुंटीवरून आणून ठेवल्याच होत्या. एक गाठ, दोन गाठी, तीन. बाराव्या पेंढीच्या सुतळीला सगळ्यांत जास्त गाठी होत्या आणि तू त्या इतक्या सारख्या अंतरावर मारल्या होत्यास. मांडवाची वेळूची खांडं घेऊन आलेली गडीमाणसं बघून म्हणाली, बाईंची ज्वारी औंदा लई झ्याक दिसतीय. दादानं सगळ्या पेंढ्या खांद्यावरून गोठ्यात नेल्या.

तेरावा झाला. माणसं जेवून गेली. संध्याकाळी धार काढायच्या वेळी दादा माळ्याखाली उभा राहून मला हाक मारत म्हणाला, 'उज्वला, ह्यो पाला घालू का म्हशीला?'

मी म्हणाले, चार दिवस राहू दे.